रोमजवळचं नेमी सरोवर: जहाजं जळून गेली, तरी एक पूर्ण दिवस द्यावा का?

निळीछत्री
नमस्कार मंडळी. जूनच्या सुरुवातीला आम्ही रोमला जातोय. मी, नवरा, सासूबाई आणि सहावीतली लेक. कलोसियम, फोरम, व्हॅटिकन हे ठरलेलंच आहे. एक दिवस मोकळा ठेवलाय आणि माझ्या मनात रोमच्या आग्नेयेला तीसेक किलोमीटरवर, आल्बान टेकड्यांमधलं नेमी सरोवर आहे. ज्वालामुखीच्या विवरातलं लहानसं, जवळपास गोल सरोवर. वर कड्यावर नेमी गाव, खाली काठावर जहाजांचं संग्रहालय. सम्राट कॅलिगुलाने इथे दोन अवाढव्य जहाजं बांधली होती. मुसोलिनीच्या काळात सरोवराचं पाणी उपसून ती बाहेर काढली आणि १९४४ मध्ये ती जळून गेली.

घरात यावर दोन तट पडलेत. लेकीला ज्वालामुखींचं वेड आहे, त्यामुळे ती माझ्या बाजूने. नवऱ्याचं म्हणणं, "जी जहाजं आता नाहीतच, ती बघायला कशाला जायचं?" सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण पाण्याकाठी बसायला मिळालं तर त्या कुठेही यायला तयार आहेत. मला स्वतःला वाटतं की जावं. कोणी जाऊन आलंय का? अर्धा दिवस पुरेल की पूर्ण द्यावा? आणि नेमीऐवजी शेजारचं आल्बानो सरोवर बरं का?

कटिंगचाय
ताई, एकच दिवस मोकळा असेल तर सरळ वेगवान रेल्वे पकडून नेपल्समार्गे पॉम्पेईला जा. ज्वालामुखी पण झाला, रोमन इतिहास पण झाला. लेक खूश, नवरा खूश.

तिबेरकाठ
कटिंगचाय, पॉम्पेई थोर आहेच. पण जूनच्या उन्हात, दुखरे गुडघे घेऊन, त्या दगडी रस्त्यांवर दिवसभर? मी नाही सुचवणार.

निळीछत्रीताई, मी नोकरीमुळे रोममध्ये राहतो आणि घरी पाहुणे आले की त्यांना हमखास नेमीला नेतो. माझं स्पष्ट मत: पूर्ण दिवस द्या. संग्रहालय पाहून पळालात तर नेमी कळणारच नाही.

भूगोल आधी डोक्यात पक्का करा. सरोवर पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आतबाहेर, सगळ्यात खोल जागी तेहतीस-एक मीटर. चारी बाजूंनी विवराच्या उभ्या भिंती, त्यावर दाट झाडी. गाव पाण्याच्या पातळीपासून साधारण दोनशे मीटर उंचावर आहे आणि संग्रहालय अगदी खाली पाण्यालगत. पलीकडच्या काठावर जेंझानो. विवरात वारा कमी शिरतो, त्यामुळे सकाळी पाणी पुष्कळदा हलत नाही. रोमन लोक याला त्यांच्या डायाना देवीवरून 'डायानाचा आरसा' म्हणत. गावातल्या कठड्याशी सकाळी उभं राहिलं की ते नाव का पडलं हे कोणी सांगावं लागत नाही.

जायचं कसं: मेट्रोच्या अ मार्गाचं शेवटचं स्थानक अनान्यीना. तिथून कोत्राल कंपनीच्या निळ्या बसने जेंझानो आणि पुढे नेमी. गाडी भाड्याने घेणार असाल तर फारच सोपं. आणि तुमच्या तारखा बघा! जूनच्या पहिल्या रविवारी नेमीत स्ट्रॉबेरीची जत्रा असते.

खादाडखाऊ
मी याच प्रतिसादाची वाट बघत होतो. नेमीची रानस्ट्रॉबेरी! आपली महाबळेश्वरची डोळ्यांसमोर आणू नका. ही नखाएवढी असते, पण डबी उघडली की वास दहा पावलांवर जातो. लिंबाचा रस आणि साखर घालून देतात, छोट्या टार्टवर रचून देतात, आईस्क्रीममध्ये घालतात. जत्रेच्या दिवशी लाल घागरे आणि डोक्यावर पांढरी लेस अशा वेशात बायकांची मिरवणूक निघते आणि फळं वाटली जातात.

मांसाहारी असाल तर शेजारच्या आरिच्चाची पोर्केत्ता सोडू नका. अख्खं डुक्कर मसाला भरून भाजतात आणि पावात काप घालून देतात. सासूबाई शाकाहारी असतील तर त्यांना त्या गल्लीतून नेऊ नका, दुकानाच्या दारातच मुंडक्यासकट मांडलेलं असतं.

बेसाल्टकाका
लेकीसाठी लिहितो, तिला वाचून दाखवा.

नेमी आणि आल्बानो ही डोंगराच्या माथ्यावरच्या मुखात पाणी साचून झालेली सरोवरं नाहीत. वर चढणारा शिलारस भूजलाला जाऊन भिडला, पाण्याची क्षणात वाफ झाली आणि जमीनच फुटली. अशा स्फोटातून जे रुंद, बसकं विवर होतं त्याला भूशास्त्रात 'मार' म्हणतात. आल्बानोच्या विवरातला शेवटचा मोठा उद्रेक साधारण ३६ हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबात कालपरवाचा. हा भाग पूर्ण निजलेला नाही. मारीनोजवळ काही ठिकाणी आजही जमिनीतून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. त्या स्फोटांतून उडालेली राख घट्ट होऊन पेपेरीनो नावाचा करडा दगड तयार झाला. रोममध्ये जुन्या बांधकामांत तो जागोजागी दिसेल. कलोसियमच्या आसपास फिरतानाच लेकीला करडा, ठिपक्यांचा दगड शोधायला सांगा. ज्या डोंगराने स्फोट केला त्यानेच शहराला दगड पुरवला, हे तिला आवडेल.

रानफूल
काका, हे आपल्या लोणारसारखंच झालं की! तेही गोल, काठावर देवळं, भोवती झाडी.

बेसाल्टकाका
रानफूल, दिसायला खरंच जवळचं. आकारसुद्धा. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि नेमीची लांबीही साधारण तेवढीच. पण जन्म वेगळा. लोणारलाही पूर्वी बरेच जण ज्वालामुखीचं विवर मानत होते. पुढे तिथल्या खडकात प्रचंड आघातानेच तयार होणारी मास्केलिनाइटसारखी काच सापडली आणि ते उल्कापाताने झालं हे सिद्ध झालं. म्हणजे नेमीत धक्का खालून आला, लोणारला वरून.

दुसरा फरक पाण्यातला, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. दोन्ही सरोवरांना नैसर्गिक वाट नाही. लोणारचं पाणी बाष्पीभवनानेच जातं, म्हणून क्षार साठत जाऊन ते अल्कधर्मी झालं. नेमीला पाऊस जास्त, ऊन कमी, आणि वर रोमनांनी विवराच्या भिंतीतून बोगदा खणून जादा पाण्याला वाट काढून दिली. म्हणून नेमीचं पाणी गोडं राहिलं.

सह्यवेडी
त्या बोगद्याबद्दल कोणीतरी सविस्तर लिहा ना. मला जहाजांपेक्षा तोच भारी वाटतो.

जुनाटपुस्तक
सह्यवेडी, मलाही. दीड किलोमीटरहून लांब, साधारण १,६०० मीटर. हातोडा-छिन्नीने, दोन्ही टोकांकडून खणत येऊन मध्ये गाठ घातली. गाठ पडली तिथे किंचित चूक आहे, तीही आत दिसते. विवरातून निघून तो आरिच्चाच्या बाजूच्या खोऱ्यात उघडतो. वरून मोजमाप घेऊन डोंगराच्या पोटात दिशा धरायची, हे त्या काळी कोणाला कसं जमलं याचा विचार करत मी तोंडाशी बराच वेळ उभा होतो.

आता जहाजं, कारण 'जी नाहीत ती बघायला कशाला' या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं.

दोन होती. एक सुमारे ७१ मीटर लांब आणि २० मीटर रुंद, दुसरं ७३ मीटर लांब आणि २४ मीटर रुंद. एवढ्याशा तळ्यात! ती कुठे जाणार होती? कुठेच नाही. पाण्यावर तरंगणारे महालच ते. संगमरवर, मोझेकची जमीन, शिशाच्या नळांतून फिरणारं पाणी. त्या नळांवरच कॅलिगुलाचं नाव उमटवलेलं सापडलं, म्हणून काळ नक्की झाला: इ. स. ३७ ते ४१. इ. स. ४१ मध्ये त्याचा खून झाला आणि पुढे जहाजं तळाशी गेली.

तळाशी काहीतरी आहे हे कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. पंधराव्या शतकात कार्डिनल प्रोस्पेरो कोलोन्नाने वास्तुविशारद लेओन बात्तिस्ता अल्बेर्तीला कामाला लावलं. त्याने रिकाम्या पिंपांचा तराफा केला, जेनोव्हाहून पाणबुडे आणले, आकडे टाकून ओढलं. जहाजाचा तुकडा तुटून वर आला, बाकीचं जागचं हललं नाही. १५३५ मध्ये फ्रांचेस्को दे मार्की डोक्याभोवती खोकं आणि त्याला काचेची खिडकी अशा साधनात खाली उतरला. १८२७ मध्ये फुस्कोनीने पाणबुड्यांची घंटा (आत हवा कोंडून पाण्यात उतरवायची पेटी) आणली. १८९५ मध्ये बोर्गीने पशूंची ब्राँझची अप्रतिम मुंडकी वर काढली, पण जहाजांचं लाकूडही ओरबाडलं गेलं आणि सरकारला मध्ये पडावं लागलं.

मग निराळाच विचार झाला. जहाजं वर येत नाहीत ना, मग पाणीच खाली न्या. ऑक्टोबर १९२८ मध्ये पंप सुरू झाले आणि पाणी सोडलं ते त्याच रोमन बोगद्यातून, साफसूफ करून. वीसेक मीटर पातळी उतरली. १९२९ मध्ये पहिलं जहाज उघडं पडलं, मागोमाग दुसरं. काठावर त्यांच्यासाठी दोन दालनांचं संग्रहालय बांधलं आणि १९४० मध्ये ते उघडलं. चारच वर्षांनी, ३१ मे १९४४ च्या रात्री आग लागली आणि दोन्ही जहाजं गेली.

चिखलाने जे एकोणीसशे वर्षं सांभाळलं ते माणसांच्या हातात पंधरा वर्षंही टिकलं नाही. मला याचा आजही राग येतो.

कटिंगचाय
जुनाटपुस्तक, लिहिलंय जबरदस्त. पण तुम्हीच माझ्या बाजूने पुरावा दिलात! आता तिथे आहेत त्या लहान प्रतिकृतीच ना? लांबचे पाहुणे एक दिवस घालवून प्रतिकृती का बघतील?

जुनाटपुस्तक
कारण इमारत जहाजांच्या मापाची आहे. प्रतिकृती एक-पंचमांश आहेत, पण त्या ज्या दालनांत ठेवल्यात ती दालनं खऱ्या जहाजांसाठी बांधलेली. आत शिरलं की मोकळी जागाच सांगते काय गेलं ते. शिवाय सगळं जळलं नाही. फिरत्या आडव्या दांड्याचा लोखंडी नांगर होता. तसा नांगर युरोपच्या आरमारांनी एकोणिसाव्या शतकात नव्याने आणला. ब्राँझच्या गोळ्यांवर फिरणारा लाकडी पाट होता, म्हणजे आजच्या बॉल बेअरिंगचा पूर्वज. या गोष्टी पुस्तकात वाचणं वेगळं आणि ज्या काठावर त्या सापडल्या तिथे उभं राहून समजून घेणं वेगळं. बांधकामाच्या वेळी सापडलेला फरसबंदी रोमन रस्तासुद्धा संग्रहालयाच्या आतच आहे.

लांडगा, सिंह, मेदूसा यांची मूळ ब्राँझची मुंडकी मात्र रोममध्ये, तेर्मिनी स्थानकासमोरच्या पालात्सो मास्सिमोत आहेत. माझं ऐका: आदल्या दिवशी ती बघा, मग नेमीला जा. उलट क्रमाने नको. दातात कडी धरलेला तो लांडगा एकदा पाहिला की नेमीतलं रिकामं दालन आपोआप भरतं.

रानफूल
वाचनखूण साठवली. मी बातमी वाचली होती की जहाजाच्या मोझेकचा एक तुकडा न्यूयॉर्कमध्ये कोणाच्या तरी घरी कॉफीचं टेबल म्हणून वापरात होता?

तिबेरकाठ
हो, खरी गोष्ट आहे. कित्येक वर्षं त्यावर कप ठेवले जात होते. अमेरिकेतल्या तपास यंत्रणांनी तो जप्त करून इटलीला परत दिला आणि २०२१ पासून तो नेमीच्या संग्रहालयात आहे. तिथेच बसलेल्या कॅलिगुलाचा मोठा संगमरवरी पुतळाही आहे. तो २०११ मध्ये चोरटी खोदाई करणाऱ्यांकडून पोलिसांनी पकडला.

मोडीवाचक
सगळे जहाजांवरच बोलताय. पण कॅलिगुला तिथे गेला का? तिथे आधीपासून डायानाचं मोठं देवस्थान होतं म्हणून. उत्तर काठावर त्याचे अवशेष आहेत.

या देवस्थानाचा पुजारी 'वनाचा राजा' म्हणवला जाई आणि ते पद मिळवायची रीत भयंकर होती. पळून आलेल्या गुलामाने तिथल्या एका ठराविक झाडाची फांदी तोडायची, मग असलेल्या पुजाऱ्याशी लढायचं. त्याला मारलं तर हा नवा पुजारी, दुसरा कोणी याला मारेपर्यंत. ग्रीक भूगोलकार स्ट्राबो लिहितो की हा पुजारी कायम तलवार उपसून भोवती नजर ठेवून असे. रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो की एक पुजारी फार वर्षं टिकला म्हणून कॅलिगुलाने त्याच्यावर जास्त दांडगा प्रतिस्पर्धी सोडला. मानववंशशास्त्रज्ञ फ्रेझरच्या 'द गोल्डन बाउ' या ग्रंथाची सुरुवात याच प्रथेने होते.

पण मला जास्त भिडतात ते नवस. ऑगस्टच्या १३ तारखेला बायका मशाली घेऊन रोमहून इथे येत. मूल व्हावं, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून. देवळाच्या खोदकामात भाजक्या मातीचे हात, पाय, डोळे, गर्भाशय, कपड्यात गुंडाळलेली बाळं असे अर्पण केलेले नमुने मिळाले. एकोणिसाव्या शतकातल्या उत्खननातले पुष्कळ आता इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला आहेत. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहतात, आपल्या देवींना चांदीचे डोळे वाहतात, तेच हे. दोन हजार वर्षांपूर्वीची ती बाई काय मागत होती हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

निळीछत्री
मोडीवाचक, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग देऊळ बघायचंच. बाकी तुमचं तुम्ही ठरवा."

सह्यवेडी
मी आल्बानोची बाजू मांडते, नाहीतर ती राहूनच जाईल. रोमहून थेट रेल्वेने कास्तेल गांदोल्फोला उतरता येतं. पोपचं उन्हाळी निवासस्थान तिथे आहे, २०१६ पासून राजवाड्याचं संग्रहालय झालंय. सरोवर नेमीपेक्षा खूप मोठं आणि सुमारे १७० मीटर खोल. १९६० च्या ऑलिंपिकच्या नौकानयन शर्यती तिथेच झाल्या. उन्हाळ्यात लोक पोहतात, काठावर खाण्याच्या जागा आहेत. इतिहासही कमी नाही. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की रोमनांनी शेजारच्या वेई या शत्रुनगरीला घातलेल्या वेढ्याच्या काळात पाऊस नसताना हे सरोवर चढलं, डेल्फीच्या देवाचा कौल घेतला आणि रोमनांनी विवर फोडून बोगदा काढला. इ. स. पू. ३९६ मध्ये वेई पडलं.

तिबेरकाठ
सह्यवेडी, एकच सांगतो. गेल्या काही वर्षांत आल्बानोची पातळी बरीच खाली गेलीय. पूर्वी पाणी होतं तिथे आता रेती उघडी पडलीय. कमी पाऊस आणि आसपासचा भूजल उपसा, दोन्ही कारणं सांगितली जातात. इथल्या माणसांना त्याची फार काळजी आहे. बघायला जरूर जा, पण जुने फोटो डोक्यात ठेवून जाऊ नका.

माणगावकर
१९४४ चा उल्लेख आला म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. नेमीची जहाजं जळली तेव्हा दोस्त फौजा रोमच्या दाराशी होत्या आणि ४ जूनला रोम पडलं. त्याच मोहिमेत पुढे, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी आमच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे लढले. मराठा लाइट इन्फंट्री. त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडल्यावर ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले आणि ते बंद पाडलं. तिथेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. रोमहून ते लांब आहे, तुमच्या एका दिवसात बसणार नाही. पण पेरूजाकडे जाणारं कोणी हा धागा वाचत असेल तर त्याने मोंतोनेला थांबावं, एवढीच विनंती.

बेसाल्टकाका
माणगावकर, मनापासून धन्यवाद. हे माहीत नव्हतं.

रानफूल
+१. पण मग आग लावली कोणी? जर्मनांनी ना?

जुनाटपुस्तक
त्या वेळच्या इटालियन चौकशीने ठपका माघार घेणाऱ्या जर्मन सैनिकांवर ठेवला. संग्रहालयाजवळ त्यांच्या तोफा होत्या. पण त्याच संध्याकाळी दोस्तांचे तोफगोळेही तिथे पडत होते, म्हणून गोळ्यांनीच आग लागली असं मानणारे अभ्यासक आहेत. आत आसरा घेतलेल्या निर्वासितांच्या चुलीकडेही बोट दाखवलं गेलंय. वाद मिटलेला नाही.

कटिंगचाय
माझं मत अर्धं बदललं. पॉम्पेई नको, ठीक. पण गर्दीच्या जत्रेच्या रविवारी गुडघेदुखीच्या बाईंना नेऊ नका. आदल्या किंवा नंतरच्या दिवशी जा, स्ट्रॉबेरी तेव्हाही मिळेल.

खादाडखाऊ
जत्रेला विरोध? कटिंगचाय, तुम्ही आता चहाच प्या. (पण गर्दीचं खरं आहे. गावाचा रस्ता एकच, अरुंद.)

निळीछत्री
सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याने पूर्ण धागा वाचला आणि बोगद्यावर अडकला. तो स्थापत्य अभियंता आहे, हे मी आधी सांगायला हवं होतं का? आता तोच म्हणतो पूर्ण दिवस द्यायचा. शनिवारी पालात्सो मास्सिमो, सोमवारी नेमी असं ठरवतोय. दोन शंका: गावातून संग्रहालयापर्यंत सासूबाईंनी कसं उतरायचं? आणि बोगद्यात आत जाता येतं का?

तिबेरकाठ
ताई, सोमवार नको! इटलीतली बरीचशी सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. मंगळवार ते शुक्रवार धरा आणि निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर वेळ बघूनच घ्या.

उतार पायी करू नका, विशेषतः परतीचा चढ. आजींसाठी जेंझानोहून किंवा नेमीतून टॅक्सी सांगून ठेवा. दिवसाचा क्रम असा करा: आधी थेट खाली संग्रहालय आणि देवळाचे अवशेष, ऊन चढायच्या आत. देवळाच्या भागात वाट ओबडधोबड आहे, आजी पुढच्या मोकळ्या जागेत बसून घेऊ शकतात. मग वर गावात जेवण. दुपारनंतर कठड्याशी सावलीच्या बाकावर निवांत बसा, स्ट्रॉबेरी तिथेच खा.

बोगद्यात स्वतःहून शिरायचं नाही. मार्गदर्शकासह फेऱ्या निघतात, शिरस्त्राण आणि रबरी बूट घालून, पाण्यातून चालत. त्या ठराविक दिवशीच असतात आणि आधी नाव नोंदवावं लागतं. तुमच्या साहेबांना आजच ईमेल करायला सांगा, लेकीच्या वयाचंही त्यात विचारून घ्या.

सह्यवेडी
आणि फेरी मिळाली तर मध्यावर जिथे दोन्ही बाजूंचं खोदकाम भेटतं तिथला फोटो इथे टाकाच.